न्यूयॉर्कला रेसिडेन्सीसाठी येताय? आय-स्टॉपचं खातं आधी काढा

महाराष्ट्रात इंटर्नशिप केली तेव्हा वेदनाशामकांत माझी मजल ट्रामाडॉलपर्यंतच. मॉर्फीनची गोळी हातात धरून पाहिलीसुद्धा नव्हती. इथे क्लिनिकच्या पहिल्याच आठवड्यात ऑक्सिकोडोन (मॉर्फीनच्याच जातीचं, ओपिऑइड वेदनाशामक) संपलेला पेशंट समोर बसला. सीनियरने एवढंच विचारलं, "आय-स्टॉप बघितलंस का?"

आय-स्टॉप हे खरं तर कायद्याचं नाव, पण पेशंटला मिळालेल्या नियंत्रित औषधांच्या राज्याच्या ऑनलाइन नोंदणीलाही सगळे तेच म्हणतात. 27 ऑगस्ट 2013 पासून शेड्यूल दोन ते चारमधलं (म्हणजे व्यसनाचा धोका असलेलं, नियंत्रित) औषध लिहिण्याआधी ती बघणं इथे सक्तीचं आहे. कोणी लिहिलं, किती गोळ्या, कुठल्या फार्मसीतून नेल्या, सगळं दिसतं.

मला ते झेंगट वाटायचं. वेगळं लॉगिन, बाहेर पेशंट खोळंबलेले. सही करण्याआधी निव्वळ औपचारिकता म्हणून उघडायचो.

मग पाठदुखीच्या एक आजी आल्या. सहा महिन्यांत पाच डॉक्टर! डॉक्टर शॉपिंग, म्हणजे गोळ्यांसाठी डॉक्टर बदलत फिरणं, असा मी मनात शिक्का मारून मोकळा. अटेंडिंगनी (आमच्यावर देखरेख करणाऱ्या वरिष्ठ डॉक्टरांनी) स्क्रीनवर बोट ठेवलं. फार्मसी एकच, तारखा महिन्या-महिन्याच्या अंतराने, आणि पाचही नावं आमच्याच रेसिडेंटांची, म्हणजे प्रशिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांची. रोटेशन आमचं बदलत होतं, आजी होत्या तिथेच होत्या. पण त्याच यादीत खाली, दुसऱ्या कुणी झोपेसाठी दिलेलं लोराझेपाम होतं. ते मी विचारलंच नव्हतं. ओपिऑइड वेदनाशामक आणि लोराझेपाम एकत्र म्हणजे श्वास मंदावण्याची भीती.

तेव्हापासून पेशंट आत येण्याआधी यादी उघडतो. ही नोंदणी ज्यातून उघडते त्या हेल्थ कॉमर्स सिस्टिम या राज्याच्या पोर्टलचं खातं ओरिएंटेशनच्या आठवड्यातच काढा, नंतर वेळ मिळत नाही. नोंदणी बघायचं काम कायद्याने सहकाऱ्याला सोपवता येतं, अर्थ मात्र तुम्हीच लावायचा. शेजारच्या राज्यांवरही टिक करा. न्यू जर्सी नदीपलीकडेच आहे. वॉर्डात दिलेले डोस यात येत नाहीत. व्यसनमुक्ती केंद्रात उपचारासाठी मिळणारं मेथाडोनही सहसा दिसत नाही, तेव्हा तोंडी विचारा.

यादीत खरंच काही खटकलं, तर पेशंटला हाकलू नका, गोळ्या एकदम तोडू नका. ओपिऑइडचं व्यसन असेल तर त्यावरचं औषध ब्युप्रेनॉर्फिन लिहायला 2023 पासून वेगळी परवानगी लागत नाही. मी स्क्रीन पेशंटकडे वळवतो आणि विचारतो, "हे इथे दिसतंय. तेव्हा काय झालं होतं?"

आजींचं लोराझेपाम आम्ही सावकाश कमी करत आणलं. त्यांचा पुढचा रेसिडेंट आता तुमच्यातलाच कुणी असेल.