हापूस थेट गिऱ्हाइकाला विकायचाय? वेबसाइट अशी करा

आंब्याची वेबसाइट करायची म्हटलं की सगळे आधी डिझाइनच्या मागे लागतात, रंग कुठला, लोगो कसा, वर फोटो फिरते हवेत का. ते सगळं नंतर. आधी एक वही घ्या आणि मागच्या सीझनला लोकांनी फोनवर जे जे विचारलं ते लिहून काढा. भाव काय, फळ केवढं, कच्चा पाठवता की पिकलेला, पुण्याला कधी पोचेल, खराब निघाला तर काय. या प्रश्नांची सरळ उत्तरं पहिल्याच पानावर असली की अर्धं काम झालं.

भाव नुसता डझनावर लिहू नका. २५० ग्रॅमचं फळ पण डझनावर आणि १८० ग्रॅमचं पण डझनावर, मग गिऱ्हाईक स्वस्तातलं बघतं आणि बॉक्स उघडल्यावर नाराज होतं. म्हणून प्रत्येक साइझपुढे फळाचं वजन अमुक ते अमुक ग्रॅम, भाव इतका, आणि कुरिअरचा खर्च त्यात धरलाय की वेगळा, एवढं लिहाच. भाव दर आठवड्याला बदलतो हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे खाली "या तारखेचा भाव" असं टाकायचं आणि खरंच बदलत राहायचं. मार्चचा भाव मे महिन्यात तसाच दिसला की माणसाला वाटतं हे दुकान बंद पडलंय.

आता साका. बहुतेक जण यावर गप्प बसतात, आणि मला हे अजिबात पटत नाही. बाहेरून फळ एक नंबर दिसतं, कापल्यावर आत पांढरट स्पंजासारखा भाग, आणि न कापता ते कळत नाही हे बागायतदाराला माहीत असतं पण घाटकोपरच्या बाईंना माहीत नसतं, त्यांना वाटतं फसवलं. तर स्पष्ट लिहा: "साका हा हापूसमधला दोष बाहेरून दिसत नाही. कापल्यावर निघाला तर त्याच दिवशी फोटो व्हॉट्सॲप करा, तेवढ्या फळांचे पैसे परत." आणि लिहिलं तर पाळायचं. त्याच्याच खाली पेटी आल्यावर काय करायचं तेही टाका, की लगेच उघडा, फळं पेंढ्यात सुटी ठेवा, कच्ची फ्रीजमध्ये ठेवू नका.

फोटो स्वतःच्या बागेतलेच हवेत. नेटवरून उचललेला चकचकीत आंबा लोक लगेच ओळखतात. मोहोर, झेल्याने (जाळी लावलेल्या लांब काठीने) चाललेली काढणी, पेटी भरताना, असे सात-आठ फोटो पुष्कळ. फक्त मोबाइलचा फोटो चार-पाच एमबीचा असतो, तो तसाच चढवला तर साइट उघडता उघडत नाही, म्हणून स्क्वूश (Squoosh) नावाचं फुकट टूल आहे ब्राउझरमध्ये चालणारं, त्यात साइझ कमी करून दोनशे केबीच्या आत आणा.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. पत्रक छापणाऱ्याकडून श्रीलिपीतली (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधली) फाइल आणून चिकटवली तर साइटवर नुसती अगम्य चिन्हं येतात आणि गुगललाही काही सापडत नाही. मुक्ता (Mukta) किंवा बलू (Baloo 2) हे फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर फुकट आहेत, छान दिसतात.

डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलवरून घ्या, साइट करून देणारा कितीही ओळखीचा असला तरी. पासवर्ड तुमच्याकडे हवा. आणि पहिल्या वर्षाची ऑफर बघून हुरळून जाऊ नका, दुसऱ्या वर्षी रिन्यूअल कितीला पडेल ते आधी बघा.

पहिल्या सीझनला कार्ट, लॉगिन वगैरे काही नको. एक मोठं व्हॉट्सॲपचं बटण, दाबल्यावर मेसेज आधीच टाइप झालेला, "मला … डझन हवेत, पिनकोड …", आणि पैसे यूपीआयने. ऑर्डरी वाढल्या की पेमेंट गेटवे, म्हणजे साइटवरच पैसे घेणारी सेवा, घ्या, पण ते लोक अटी, रिफंड आणि प्रायव्हसी अशी पानं मागतात, ती तयार ठेवा.

गुगलवर बिझनेस प्रोफाइल काढा, फुकट आहे. पडताळणीला बऱ्याचदा व्हिडिओ मागतात, तेव्हा बोर्ड आणि बाग दोन्ही दाखवा. हापूसला २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी, पण ते तुम्हाला आपोआप लागू होत नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी लागते. केली असेल तर नंबर ठळक टाका, नसेल तर जीआयचा लोगो लावू नका.

जूनमध्ये साइट बंद करू नका. "यंदाचा आंबा संपला, पुढच्या सीझनला कळवू" असं लिहून नाव आणि नंबर घ्यायचा छोटा फॉर्म ठेवा, आणि फेब्रुवारीत भाव ठरला की पहिला मेसेज त्याच लोकांना करा.