भाषेची पसंती ओळखणारा कोड वेबकोअरमधून डब्ल्यूटीएफमध्ये कसा न्यायचा

वेबकिट या ब्राउझर इंजिनात खाली डब्ल्यूटीएफ (सगळ्यांना लागणारा पायाभूत कोड), त्यावर जावास्क्रिप्टकोअर (जावास्क्रिप्ट चालवणारं इंजिन) आणि त्याच्यावर वेबकोअर (वेबपान मांडणारा भाग). आता भाषा ओळखायचा कोड वेबकोअरमध्ये असला की खालच्या इंजिनाला तो थेट वापरता येत नाही, आणि इंटलला (जावास्क्रिप्टमधली तारखा-आकडे भाषेनुसार दाखवायची सोय) डिफॉल्ट लोकेल (भाषा आणि प्रदेशाची सेटिंग) तर लागतंच, म्हणून तो कोड खाली न्यायचा.

आधी अवलंबून काय काय आहे ते बघा. भाषा ओळखायच्या कोडच्या फाइलीत वेबकोअरचं एक जरी हेडर इन्क्लुड असेल तर ते पहिलं तोडा, नाहीतर पुढे काही होणार नाही. मग फाइली हलवा, नेमस्पेस डब्ल्यूटीएफ करा, हेडरच्या शेवटी युजिंग टाका म्हणजे जुना कोड फारसा बदलावा लागत नाही. एक्सपोर्टचा मॅक्रोपण (फंक्शन लायब्ररीबाहेर दिसू देणारी खूण) बदला, हे हमखास राहतं आणि मग लिंकर (कोडचे तुकडे जोडणारं साधन) ओरडतो.

खरी डोकेदुखी प्लॅटफॉर्मची. मॅकवर कोअर फाउंडेशन ही अ‍ॅपलची लायब्ररी पसंतीच्या भाषांची अख्खी यादी देतं, लिनक्सवर लोकेल वाचावं लागतं, तिथे "सी" किंवा "पॉझिक्स" मिळालं तर सरळ इंग्रजी धरायचं, शिवाय एन अंडरस्कोर यूएस डॉट यूटीएफ-८ असलं काही आलं तर डॉटपासून पुढचं छाटून अंडरस्कोरच्या जागी हायफन घालायचा. यादी कॅश करत असाल तर लॉक लावाच, कारण वर्कर थ्रेडही विचारतात, आणि स्ट्रिंग देताना वेगळी कॉपी द्या.

सीमेक आणि एक्सकोड या दोन्ही बिल्ड साधनांत फाइलींची नोंद बदला. मग ब्राउझर चालू असताना सिस्टमची भाषा बदलून नॅव्हिगेटर डॉट लँग्वेज (वेबपानाला पसंतीची भाषा सांगणारी किंमत) तपासा.