३२ बिटची सिस्टीम इमेज आहे आणि नवीन विंडोज ६४ बिट, आता काय करायचं

पहिली गोष्ट, ३२ बिट विंडोजची इमेज रिस्टोअर करून ६४ बिट विंडोज मिळत नाही. इमेज म्हणजे सी ड्राइव्ह जशीच्या तशी उचललेली, त्यात विंडोज पण आलं, ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणं चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) पण आले, म्हणजे रिस्टोअर झाली तरी परत ३२ बिटच समोर येणार. जुनंच विंडोज परत हवं असेल तर ३२ बिटचीच रिपेअर डिस्क (विंडोज दुरुस्तीसाठी बूट करायची सीडी) लागते, ६४ बिटच्या डीव्हीडीने बूट करून ३२ ची इमेज घेत बसू नका, आणि नवीन डिस्क जुनीपेक्षा लहान असेल तरी अडतंच.

पण बहुतेकांना विंडोज नको असतं, आतला माल हवा असतो. मामाच्या प्रेसमध्ये हेच झालं, विंडोज ७ ३२ बिट, रॅम ८ जीबी टाकली तरी ४ च्या वर वापरेना, म्हणून बॅकअप घेऊन ६४ टाकलं आणि मग रिस्टोअर होईना तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरले, पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका त्यात होत्या. काही गेलं नव्हतं.

एक्स्टर्नल डिस्कवर विंडोजइमेजबॅकअप नावाचा फोल्डर असतो, त्यात कॉम्प्युटरच्या नावाचा फोल्डर, त्यात बॅकअपच्या तारखेचा, आणि त्यात व्हीएचडी फाइल, म्हणजे अख्खी डिस्क एका फाइलमध्ये (विंडोज ८ पासून व्हीएचडीएक्स). परमिशन नाही म्हणाला तर कंटिन्यू दाबायचं. आधी हा अख्खा फोल्डर दुसऱ्या एखाद्या डिस्कवर कॉपी करा, प्लीज, एकुलत्या एक कॉपीवर हात चालवू नका.

मग विंडोजमधलंच डिस्क मॅनेजमेंट उघडा, वर ॲक्शन मेनूत अटॅच व्हीएचडी आहे, दोन-तीन फाइल असतील तर सगळ्यात मोठी घ्या, आणि रीड ओन्लीवर टिक करायला विसरू नका. इथे ३२-६४ चा काही संबंध येत नाही, विंडोजला ती फक्त एक डिस्क दिसते. ड्राइव्ह दिसली नाही तर राइट क्लिक करून ड्राइव्ह लेटर द्या.

आता काय काय उचलायचं. युजर्स फोल्डरमधलं जुन्या नावाचं फोल्डर, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो, आणि ॲपडेटा लपलेलं असतं ते पण बघा, आउटलुकच्या फाइल बऱ्याचदा तिथेच असतात. सी वर थेट केलेले फोल्डर पण लोक हमखास विसरतात. आणि मराठी टायपिंगवाल्यांनो, विंडोजच्या आतलं फॉन्ट्स फोल्डर नक्की कॉपी करा! श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेलं मॅटर युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसणारं टायपिंग) नसतं, फॉन्ट नसेल तर मजकुराच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात आणि माणसाला वाटतं फाइलच खराब झाली. फॉन्टला ३२-६४ चा फरक नसतो, इन्स्टॉल केला की चालतो. मामाच्या पत्रिका अशाच उघडल्या.

प्रोग्राम फाइल्स मात्र कॉपी करून उपयोग नाही, सॉफ्टवेअर नव्यानेच टाकायचं. ३२ बिटची सॉफ्टवेअर ६४ वर बहुतेक चालतात, पण ड्रायव्हर ६४ बिटचाच लागतो, म्हणून जुना प्रिंटर, स्कॅनर किंवा डाँगल (सॉफ्टवेअर चालायला लावावी लागणारी किल्ली) असेल तर त्याचा ६४ चा ड्रायव्हर मिळतो का ते आधी शोधा, आणि १६ बिटचा एखादा फार जुना प्रोग्राम असेल तर तो ६४ वर सुरूच होत नाही. असं काही असेल तर जुनं मशीन फॉरमॅट करू नका, नेट काढून बाजूला चालू ठेवा, विंडोज ७ चे अपडेट तसेही १४ जानेवारी २०२० ला बंद झालेत.

कॉपी झाल्यावर दहा-वीस फाइल खरंच उघडून बघा, मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये खाली त्या डिस्कच्या नावावर राइट क्लिक करून डिटॅच करा. इमेज निदान दोन-तीन महिने डिलीट करू नका, कुठलीतरी फाइल राहून गेली हे महिन्याभराने कळतं.