एबीएसच्या गाडीत ब्रेकची हवा काढताना

आयटीआयचा मोटर मेकॅनिक ट्रेड करून गॅरेजला लागलेल्या मुलांना ब्रेकची हवा काढता येते, पण गाडी एबीएसची (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) आहे म्हटलं की त्यांचा हात आखडतो. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या कारना आणि १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळे आता हे काम टाळून चालणार नाही. मी ब्रेकच्या कामात मुरलेला माणूस आहे. नव्यांना मी आधी एकच सांगतो: स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कंप्युटरला जोडायचं यंत्र, शिकाच, पण त्याआधी पेडल पायाने ओळखायला शिका.

आतली रचना समजली की निम्मी भीती जाते. मास्टर सिलिंडरमधून, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल पुढे ढकलणाऱ्या सिलिंडरमधून, निघालेले पाइप चाकांकडे जाण्याआधी एका ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात शिरतात, तो मॉड्युलेटर. चार चॅनलच्या एबीएसमध्ये प्रत्येक चाकासाठी तिथे दोन व्हॉल्व्ह असतात. एक एरवी उघडा, ज्यातून ऑइल चाकाकडे जातं. दुसरा एरवी बंद, जो चाक लॉक व्हायला लागलं की उघडून दाब कमी करतो. या बंद व्हॉल्व्हच्या पलीकडे ऑइलचा छोटा साठा आणि परतीचा पंप असतो. आपण पेडल मारतो तेव्हा ऑइल उघड्या वाटेने निघून जातं आणि बंद व्हॉल्व्हमागे अडकलेली हवा जागची हलतही नाही. स्कॅनरची गरज पडते ती इथे, कारण तो व्हॉल्व्ह उघडतो आणि पंप फिरवतो.

ही हवा तिथे सहसा जाते कशी? काम चालू असताना ऑइलची टाकी रिकामी होऊ दिली, मास्टर सिलिंडर बदलला किंवा मॉड्युलेटरचे पाइप सोडले, तर. नुसतं कॅलिपरचं (चाकाच्या डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाचं) काम असेल आणि टाकीतली पातळी कधीच खाली गेली नसेल, तर बहुतेक गाड्यांत नेहमीच्या पद्धतीनेच काम होतं. म्हणून प्रत्येक चाकाला चार-पाच पेडल झाली की टाकीत डोकावून बघा, हा हिशेब कधी सोडू नका.

आता पेडल. पाय ठेवल्यावर ते स्पंजसारखं दबत असेल आणि दोन-तीनदा पटपट पंप केल्यावर कडक होऊन वर येत असेल, तर हवेचा संशय घ्या. पेडल कडक लागतं पण पाय दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसतं, आणि बाहेर कुठे गळती नाही, तर मास्टर सिलिंडरचे सील बघा. आणि पंप केल्यावर वर येतं पण स्पंजपणा नाही, नुसताच प्रवास लांब, तर मागचे ड्रम उघडून अ‍ॅडजस्टर तपासा. ड्रमची सेटिंग ढिली असताना दिवसभर हवा काढत बसलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि वाईट वाटतं, कारण मेहनत खरी असते पण जागा चुकलेली असते. डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागला म्हणूनही हवा काढायला घेऊ नका. तो बहुतेकदा व्हील स्पीड सेन्सर, त्याची वायर किंवा रिंग यांचा असतो; पाइपमधल्या हवेने तो सहसा लागत नाही.

आणखी एक गोष्ट डोळ्यांनी बघायची. कॅलिपर बसवल्यावर निप्पल, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, वरच्या बाजूला आहे ना? डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला की निप्पल खाली येतो. मग कितीही ऑइल काढा, नळीतून स्वच्छ ऑइल येतं, एकही बुडबुडा दिसत नाही, तरी पेडल तसंच स्पंजी राहतं, कारण हवा वर कोपऱ्यात बसलेली असते.

प्रत्यक्ष काढताना निप्पलला मापाचा रिंग पाना लावा, फिक्स पान्याने कडा गोल होतात. पारदर्शक नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. आत बसलेल्याला आवाज द्या, 'दाब... धर!' निप्पल सोडा, बंद करा, आणि मगच 'सोड' म्हणा. जुन्या गाडीत पेडल पार तळापर्यंत जाऊ देऊ नका. मास्टर सिलिंडरच्या न वापरलेल्या भागातल्या गंजावर सील घासून फाटतात. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की झालं.

चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये बघा. सगळ्यात लांबचं चाक आधी, हे ऐकलेलं असतं. पण अमेरिकन व्हिडिओत मागचं उजवं सांगतात ते तिथे स्टिअरिंग डावीकडे असतं म्हणून. आपल्याकडे लांबचं ते मागचं डावं. शिवाय कर्णरेषेत जोडलेल्या सर्किटच्या गाड्यांत क्रम आणखी वेगळा असू शकतो.

स्कॅनर लावण्याआधी बॅटरीला चार्जर जोडा. पंपाची मोटर बराच करंट खाते, व्होल्टेज पडलं की प्रक्रिया मधेच तुटते. पंप फिरताना पेडल पायाला थरथरतं, घाबरू नका. प्रक्रिया संपल्यावर पुन्हा एकदा नेहमीच्या पद्धतीने चारही चाकांची हवा काढायची, कारण आतून निघालेली हवा आता पाइपमध्ये आलेली असते.

ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेलं तेच, सीलबंद डब्यातलं. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओलावा शोषल्यावर ती मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. सिलिकॉनचं डॉट ५ एबीएसमध्ये घालायचं नाही, त्यात बारीक हवा धरून राहते. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

गाडी बाहेर काढण्याआधी इंजिन चालू करून पेडल जोरात दाबून धरा आणि कोणाला तरी प्रत्येक निप्पलपाशी बघायला लावा. कोरडं असेल, तर आधी आवारातच चालण्याच्या वेगाने ब्रेक मारून बघा. पेडलमध्ये जरा जरी शंका असेल, तर गाडी गेटबाहेर न्यायची नाही, मालक कितीही घाईत असला तरी.