ऑनसाइट इंटरव्ह्यूला निघण्याआधी: अमेरिकेत नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांसाठी

ऑगस्टमध्ये मास्टर्सला येऊन पोचता, भांडीकुंडी लागत नाहीत तोच सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपची धावपळ सुरू होते. ऑनलाइन टेस्ट आणि फोनवरची फेरी झाली की काही कंपन्या समोरासमोर बोलावतात, बहुधा स्वतःच्या खर्चाने. तयारी म्हणजे फक्त कोडिंग, असं धरून चालणारे तिथे दोन गोष्टींत मार खातात: प्रवास आणि फळ्यावर कोड लिहितानाचं मौन.

प्रवासाचं आधी उरकू. तिकिटावर पासपोर्टवरचंच नाव हवं. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं नाव स्वतःच्या नावाला जोडून आलेलं असतं आणि रेझ्युमेवर आपण ते सुटसुटीत करतो. कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्ककडे जातं ते रेझ्युमेवरचं. म्हणून नाव स्वतः कळवा. विमानतळावर ओळखपत्र म्हणून पासपोर्टच न्या. ७ मे २०२५ पासून रिअल आयडीचे (ओळखपत्रांसाठी केंद्र सरकारने ठरवलेले) निकष न पाळणारं राज्याचं लायसन्स सुरक्षा तपासणीला पुरेसं धरत नाहीत. परदेशी पासपोर्ट चालतो. सोबत आय-२० (कॉलेजने दिलेला, विद्यार्थी व्हिसासाठीचा दाखला) ठेवा.

हॉटेलचं भाडं कंपनीने भरलेलं असलं तरी चेक-इनला तुमचं कार्ड मागतात आणि किरकोळ खर्चापोटी काही रक्कम अडकवून ठेवतात. डेबिट कार्ड दिलंत तर तेवढे पैसे काही दिवस खात्यातून गायब. क्रेडिट कार्ड नसेल तर रिक्रूटरला (कंपनीत भरतीचं काम पाहणाऱ्याला) आधी सांगा. काही हॉटेलं २१ वर्षांखालच्यांना खोलीच देत नाहीत, तेव्हा बॅचलर्सच्या मुलांनी हेही विचारून घ्यावं. गाडी भाड्याने घेण्याच्या भानगडीत पडू नका: २५ वर्षांखालच्यांना सहसा जादा आकार पडतो, शिवाय रस्ते अनोळखी. टॅक्सीने जा, पावती ठेवा.

वेळेचा हिशेब नीट करा. पश्चिम किनाऱ्यावरून न्यूयॉर्कला गेलात तर सकाळी नऊची फेरी तुमच्या शरीराला सहाची असते. आदल्या दिवशी दुपारीच पोचा. अॅरिझोनात शिकणाऱ्यांची गंमत वेगळीच. ते राज्य, नवाहो या मूळ रहिवाशांचा भाग सोडला तर, उन्हाळ्यासाठी घड्याळं तासाने पुढे-मागे करत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात फीनिक्स आणि कॅलिफोर्नियाची वेळ एकच, पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून फीनिक्स एक तास पुढे. कॅलेंडरच्या निमंत्रणावरचा टाइमझोन तपासायचाच.

रिक्रूटरला तीन प्रश्न आधी विचारा: फेऱ्या किती, लिहायचं फळ्यावर की लॅपटॉपवर, आणि भाषा कोणती चालेल. यात कमीपणा काही नाही, उत्तरं मिळतात. जेवण शाकाहारी हवं असेल तर तेही तेव्हाच सांगा. इथे ‘व्हेजिटेरियन’मध्ये अंडं येतं; नको असेल तर स्पष्ट लिहा.

आता फळा. साधारण ४५ मिनिटांची फेरी असेल तर पाच मिनिटं ओळखीत आणि शेवटची पाच तुमच्या प्रश्नांत जातात. उरलेल्या पस्तीसपैकी पहिली सहा-सात प्रश्न समजून घेण्यात घालवा, घाईने मार्कर उचलू नका. उचललात की डाव्या वरच्या कोपऱ्यापासून, बारीक अक्षरात लिहा. दोन ओळींत एक ओळ मावेल एवढी जागा सोडा, कारण विसरलेली अट मध्ये घुसवावी लागतेच. बारीक टोकाचा एक मार्कर खिशात असू द्या. खोलीतले निम्मे सुकलेले निघतात.

समजा विचारलं: स्ट्रिंगमधला (अक्षरांच्या रांगेतला) एकही अक्षर पुन्हा न येणारा सर्वांत लांब सलग तुकडा किती लांबीचा? आधी तुम्ही विचारा: स्ट्रिंग रिकामी असू शकते का? स्मॉल आणि कॅपिटल अक्षरं वेगळी धरायची का? मग सगळे तुकडे तपासण्याची ढोबळ पद्धत एका वाक्यात सांगा, ती का महाग पडते तेही सांगा, आणि सरकत्या खिडकीकडे या, म्हणजे दोन्ही कडा पुढे सरकवत नेलेल्या एकाच सलग तुकड्याकडे. प्रत्येक अक्षर शेवटचं कुठे दिसलं ते हॅशमॅपमध्ये (अक्षरावरून त्याची जागा लगेच सांगणाऱ्या तक्त्यात) ठेवायचं. ते पुन्हा दिसलं की खिडकीची डावी कड त्या जागेच्या पुढे न्यायची. इथवर बहुतेकांना येतं.

चूक पुढे आहे. ‘अबबअ’ घ्या, मोजणी शून्यापासून. २ वर दुसरा ‘ब’ आला, आधीचा १ वर होता, म्हणून डावी कड २ वर. ३ वर ‘अ’ आला, तो आधी ० वर दिसला होता, म्हणून डावी कड १ वर. म्हणजे कड मागे सरकली! खिडकीत आता ‘बबअ’, उत्तर ३. खरं उत्तर २. दुरुस्ती एवढीच की सध्याची कड आणि नवी जागा यांतला मोठा आकडा घ्यायचा. अक्षरांखाली आकडे मांडून, मोठ्याने बोलत ही चूक तुम्हीच पकडलीत तर ती तुमच्या खात्यात जमा होते. समोरच्याने दाखवल्यावर मान डोलावली तर नाही. (मान डोलावण्यावरून आठवलं: आपली होकाराची मान इथे काहींना नकार वाटते. ‘येस’ म्हणा.)

परीक्षेत गप्प बसून विचार करायची सवय आपल्याला लागलेली असते. इथे दोन मिनिटं शांत राहिलात की समोरच्याच्या वहीत लिहायला काही उरत नाही, आणि निर्णय त्या वहीवरूनच होतो. अडलात तर कुठे अडलात ते बोला. त्याने सुचवलं तर धरून पुढे जा. सूचना झिडकारणारा उमेदवार त्याला नको असतो.

भाषेचे काही खड्डे. ‘आय हॅव अ डाउट’ ऐकून समोरच्याला वाटतं तुमचा अविश्वास आहे, ‘क्वेश्चन’ म्हणा. ‘पास्ड आउट इन २०२३’ म्हणजे शुद्ध हरपली; ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा. सर-मॅडम नको, पहिल्या नावाने हाक मारा, कितीही अवघडल्यासारखं वाटलं तरी. प्रोजेक्टबद्दल बोलताना सतत ‘आम्ही केलं’ म्हणू नका. चौघांच्या टीममध्ये तुमचा भाग कोणता, तेच त्याला हवं असतं.

कामाची परवानगी आणि पुढे स्पॉन्सरशिप (कंपनीने कामाच्या व्हिसासाठी अर्ज करणं) लागेल का, हे दोन प्रश्न फॉर्मवर येतातच. खरं लिहा: इंटर्नशिप सीपीटीवर (शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याच्या परवानगीवर) करणार, पुढे स्पॉन्सरशिप लागेल. इंटरव्ह्यू देणं म्हणजे काम करणं नव्हे, त्यासाठी परवानगी लागत नाही. एसएसएनही (सरकारकडून मिळणारा सोशल सिक्युरिटी नंबर) लागत नाही. पैसे परत मिळण्याच्या फॉर्मवर तो रकाना दिसला तर आकडा रचून भरू नका, रिक्रूटरला विचारा. पावत्या तपशीलवार हव्यात. नुसती कार्डाची चिठ्ठी परत येते. दारात गोपनीयतेच्या करारावर सही केली असेल तर विचारलेले प्रश्न ग्रुपवर टाकू नका.

ऑफर आली की कॉलेजच्या डीएसओकडे (परदेशी विद्यार्थ्यांची कागदपत्रं पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे) सीपीटीचा अर्ज करा. त्यासाठी साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेलं लागतं. ऑगस्टमध्ये आलेल्यांचं ते मेपर्यंत होतं. कंपनीचं नाव आणि तारखा असलेला नवा आय-२० हातात येईपर्यंत, आणि त्यावरची तारीख उजाडेपर्यंत, एक दिवसही काम सुरू करायचं नाही, मॅनेजर कितीही म्हणाला तरी. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने भरली तर त्या पदवीवरची ओपीटी (शिक्षणानंतर काम करण्याची परवानगी) जाते. एका उन्हाळ्याने तिला धक्का लागत नाही. एसएसएनसाठी सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात कामाच्या तारखेआधी ३० दिवसांच्या आत जा. त्याआधी गेलात तर परत पाठवतील.