वांग्याची म्हैस आणि ताटातला रंकाळा

गेल्या रविवारी भाची घरी आलेली, सकाळपासून मोबाईल दे मोबाईल दे चाललेलं, शेवटी म्हटलं चल म्हैस करूया. कोल्हापुरात म्हैस म्हटल्यावर पोरं पण लगेच हलतात, दिवाळीत सजवलेल्या म्हशी बघितलेल्या असतात ना. तर वांगं घेतलं, खाली चार टूथपिक टोचल्या, झाले पाय. दोन मिनिटांत म्हैस तोंडावर आपटली. मग गाजराचे जाड पाय केले, तरी ती फतकल मारून बसली. "मामा, हिला उभंच राहता येईना की!" आणि तिथंच डोक्यात ट्यूब पेटली, अरे म्हैस उभी कशाला पाहिजे, पाण्यात बसवायची! डुंबणाऱ्या म्हशीचे पाय कुणाला दिसतात? तर ही त्या बिनपायाच्या म्हशीची कृती.

आधी बाजार. मी कपिलतीर्थ मार्केटला गेलेलो. म्हैस ठरवून वांगं शोधू नका, वांगी चाळा आणि कुठलं म्हशीसारखं दिसतंय ते बघा, निम्मं काम तिथंच होतं. साधारण साडेचारशे वर्षांपूर्वी इटलीत आर्चिम्बोल्दो नावाचा चित्रकार होता, त्याचं एक चित्र आहे, एका बाजूनं भाज्यांनी भरलेलं भांडं आणि उलटं केलं की माळ्याचा चेहरा. त्याला पण आधी भाजीतच चेहरा दिसला असणार असं आपलं माझं मत. तर आपल्याला काळपट जांभळं, चकचकीत, लांबट फुगीर एक मोठं वांगं लागतं आणि भरल्या वांग्याला घेतो तसली छोटी दोन. कृष्णाकाठची वांगी भाजीला जगात भारी, पण त्यांच्या रंगाची म्हैस होत नाही. देठाच्या काट्यांकडं लक्ष ठेवा, पोरांच्या हातात द्यायच्या आधी काढून टाका.

मोठं वांगं उभं चिरायचं, दोन फोडी म्हणजे दोन म्हशींच्या पाठी. कापलेली बाजू खाली ठेवली की हलत नाही, डुलत नाही, आणि काळी पडली तरी दिसत नाही. तरी चिरल्या चिरल्या मिठाच्या पाण्यात टाका, लिटरभर पाण्याला चमचाभर मीठ, दहा मिनिटं. वांग्यात एक एन्झाइम असतं, कापलेल्या जागी हवा लागली की ते कामाला लागतं आणि फोड तपकिरी होते, मिठाच्या पाण्यात ते बरंच थंडावतं. नंतर फडक्यानं कोरडं करून घ्या.

आता डोकं, इथं जरा वेळ द्या कारण सगळी मजा इथंच आहे. छोट्या वांग्याची हिरवी टोपी हळूच सोडवायची, ओढून तोडू नका. टोपीखालचं साल पांढरट निघतं, ऊन लागलेलं नसतं ना त्याला, तो पांढरट भाग पुढं केला की आपोआप म्हशीचं फिकट थोबाड तयार! मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा स्वतःशीच हसलो. टूथपिकनं दोन नाकपुड्या टोचा. डोळ्याच्या जागी सालाचा बारीक गोल काढून आतल्या पांढऱ्यात एकेक मिरं दाबा. मघाच्या टोपीच्या पाकळ्या सुट्ट्या केल्या की कान झाले, सुरीनं बारीक चिरा पाडून त्यात खोचायचे. डोकं पाठीला जोडायला टूथपिक नको, कच्ची स्पॅगेटी मोडून घ्या, ती वांग्यातलं पाणी पिऊन मऊ होते, चुकून भाजीत गेली तरी कुणाच्या घशात टोचत नाही.

शिंगं. मी पहिल्यांदा लवंगी मिरचीची लावली, दिसायला नाद खुळा, पण मग तोच हात डोळ्याला लागला आणि अर्धा तास नळाखाली काढला. पोरं असतील तर मिरची बादच. तुमची म्हैस पंढरपुरी जातीची असेल तर सोपं आहे, तिची शिंगं लांबच लांब, पार खांद्याच्या मागं जाणारी, गवारीची किंचित वाकडी शेंग चालते. मुऱ्हा जातीची पाहिजे असेल तर शिंगं वळलेली पाहिजेत, त्याला ढबू मिरची. ढबूच्या एकदम बारीक उभ्या पट्ट्या कापून बर्फाच्या पाण्यात टाका आणि अर्धा तास विसरून जा. आतला गर पाणी पिऊन फुगतो, बाहेरचं साल ताणत नाही, त्यामुळं पट्टी आपोआप गोल वळते. या पाण्यात मात्र मीठ अजिबात टाकू नका, मीठ उलटं पाणी ओढून घेतं आणि पट्टी मरगळते. मी दोन्ही भांडी शेजारी ठेवलेली आणि भाचीनं ढबू मिठात टाकली, मग परत सगळं.

पाणी, म्हणजे आपला कोल्हापूरचा रंकाळा तलाव. कुंपणावर निळी गोकर्ण असते, तिची औषध न मारलेली दहा बारा फुलं घ्या, खालचा हिरवा भाग काढा, कपभर गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि गाळा, गडद निळं पाणी मिळतं. त्यात एक छोटा चमचा चायना ग्रासची पावडर आणि दोन चमचे साखर घालून ढवळत दोन मिनिटं चांगलं उकळा, नुसतं गरम करून चालत नाही, नीट विरघळलं नाही तर सेट होत नाही. काठाच्या ताटात ओता. याला फ्रीज लागत नाही, गार होता होताच घट्ट होतं, म्हणून म्हशी आधीच तयार पाहिजेत. कडेनं जरा थिजायला लागलं की म्हशी ठेवा, एकदा घट्ट झालं की त्या पाण्यात बसत नाहीत, पाण्यावर ठेवल्यासारख्या दिसतात.

घट्ट झाल्यावर पोरांच्या हातात लिंबाची फोड द्या आणि एका कोपऱ्यात चार थेंब पिळायला सांगा. गोकर्णीचा निळा रंग आंबट लागला की जांभळा गुलाबी होतो, हळूहळू पसरतो, झाला रंकाळ्यावरचा सूर्यास्त. भाची पाच मिनिटं गप्प बसलेली, हे आमच्या घरात रेकॉर्ड आहे. फक्त पूर्ण लिंबू पिळू देऊ नका, नाहीतर सगळा तलाव जांभळा.

बाकी सजावट तुमची तुम्ही. रंकाळ्यातला दगडी संध्यामठ करायचा तर मुळ्याचे खांब आणि वर कोथिंबीर वडीचं छत. काठाला कोथिंबीर, आणि वाळू म्हणून चुरमुरे, पण ते सगळ्यात शेवटी, आधी टाकले की दमट होऊन लगदा. बीट वापरायचंच असेल तर तेही शेवटी आणि पाण्यापासून लांब, त्याचा रंग सगळीकडं धावतो. आई हे सगळं बघून म्हणाली, आमच्या वेळी रुखवतात चिरोट्यांचा बंगला असायचा, तुझं काय, वांगी! मी गप्प.

दोनेक तासांत फोटो काढून मोकळे व्हा, मग मिरी काढा, चुरमुऱ्याची भेळ करा, जेली पोरांना द्या. अगदी लहान पोरगं असेल तर मिरी, गाजराच्या गोल चकत्या हाताशी ठेवू नका, घशात अडकतात. म्हशी चिरून कांदा लसूण चटणी घालून भाजी करायची, कच्चं वांगं तसंच खाण्यात काही अर्थ नाही.

आमच्याकडं दोन्ही म्हशींची भाजी झाली, पण उरलेल्या टोकाचं भाचीनं एक रेडकू केलेलं, ते काही कापू देईना. तीन दिवस फ्रीजात होतं. चौथ्या दिवशी त्याला सुरकुत्या पडलेल्या बघून तिनंच फोनवर सांगितलं, "मामा, ते आता म्हातारं झालंय, आमटीत टाक."