पंचगिरीतले धडे कामावर वापरताय? या चुका टाळा

खेळात पंच म्हणून उभी राहिलेली माणसं नोकरीत ठामपणा हमखास आणतात. पण तो बऱ्याचदा अर्धवट शिकलेला असतो, आणि त्याचा ताप सहकाऱ्यांना होतो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे भरपाई. एका संघावर चुकीची पेनल्टी लादली गेली की पुढचा शंकास्पद निर्णय त्याच संघाच्या पदरात टाकायचा मोह होतो. त्यातून चुका दोन होतात आणि विश्वास दोन्हीकडचा उडतो. गेल्या वर्षी बढती अन्यायाने नाकारली म्हणून यंदा दुसऱ्याचा हक्क डावलून ती देणं, हा त्याचाच ऑफिसातला अवतार. त्यापेक्षा चूक झाली हे ज्याचं नुकसान झालं त्याला सरळ सांगा. 2010 मध्ये बेसबॉल पंच जिम जॉइस यांनी शेवटच्या फलंदाजाला चुकून नाबाद ठरवलं आणि गोलंदाज आर्मांडो गालारागाचा ‘परफेक्ट गेम’, म्हणजे एकाही फलंदाजाला बेसवर पोहोचू न देता जिंकलेला सामना, हुकला. चित्रफीत पाहिल्यावर जॉइस यांनी सबबी न सांगता त्याची माफी मागितली. निकाल बदलला नाही, तरी दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पंच म्हणून मैदानात होते.

ठामपणा म्हणजे हट्ट नव्हे. क्रिकेटच्या नियमांत पंचाला निर्णय बदलता येतो, मात्र लगेच. फुटबॉलमध्येही खेळ पुन्हा सुरू होण्याआधीच तो बदलावा लागतो. कामावरही लोक तुमच्या निर्णयावर पुढची कामं रचू लागण्याआधी तो फिरवा. नंतर फिरवलात तर निस्तरावं त्यांना लागतं.

‘माझ्या लक्षात आहे’ यावर विसंबू नका. 2006 च्या फुटबॉल विश्वचषकात रेफरी ग्रॅहम पोल यांनी क्रोएशियाच्या शिमुनिचला तीन पिवळी कार्डं दाखवली. दुसऱ्या कार्डालाच तो बाहेर जायला हवा होता, पण ते वहीत ऑस्ट्रेलियाच्या 3 क्रमांकाच्या खेळाडूच्या नावावर चढलं होतं. शिमुनिचचा क्रमांकही 3 च. म्हणजे लिहूनही चुकतं! म्हणून नोंद केली की जोडीदाराला वाचून दाखवा. सहायक काय नुसते झेंडे हलवायला असतात?

राहिली शिटीची घाई. फाउल दिसला तरी ज्याच्यावर झाला त्याच्या संघाला चाल पुढे नेण्यात फायदा असेल तर रेफरी काही सेकंद थांबतो. फायदा झाला नाही तर मूळ फाउल देतो. हाताखालच्या माणसाची चूक दिसताच बैठक थांबवणाऱ्यांनी हे करून पाहावं. बरेचदा तो स्वतःच सावरतो; नाहीच सावरला, तर शिटी तुमच्याच हातात आहे.